ठेकेदार आणि ओव्हरसियर

भंडाऱ्यात खात रोडच्या अंगाला जे नवे लेआउट पडले आहेत, त्यांतल्या एकात ओव्हरसियर काकाजी राहतात. त्यांचा प्लॉट नंबर कोणाला ठाऊक नाही, लागतही नाही. वालकंपाउंडवर लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या बांधलेलं घर कुठं, असं विचारायचं. शाळेत जाणारी पोट्टी त्याला बर्फगोळेवाल्याचं घर म्हणतात, आणि एका उन्हाळ्यात एक पाहुणा खरोखरच फाटकाशी थांबून दर विचारून गेला.

आता दारापुढे अशी एखादी बाटली विदर्भात घरोघरी असते. उजाल्याचं नाही तर कुंकवाचं पाणी भरून ठेवलं की कुत्रं फाटकावर तंगडी वर करत नाही, हा समज जुना आहे. पण काकाजींचं वैर कुत्र्याशी नाही, मांजराशी आहे. आणि काकाजी कोणतंही काम सुटं, एकट्या बाटलीचं करत नाहीत. त्यांनी दर तीन फुटांवर एक बाटली बांधली. एक लाल, एक निळी, पुन्हा एक लाल. मांजराला लाल रंग नीट दिसतच नाही, मातकट-करडा दिसतो, हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "मंग निळी तं दिसते न जी?" दिसते. म्हणूनच निळ्या बाटलीला अंग घासून मांजरं आत येतात. जपानातही लोक मांजरांसाठी दारापुढे पाण्याच्या बाटल्या मांडतात, रंग न घालता. तिथली मांजरंही त्यांना भीत असल्याचं ऐकिवात नाही.

काकाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. उभी नोकरी गोसीखुर्दवर गेली. पवनी तालुक्यात वैनगंगेवर बांधलेल्या या धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झालं. मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढे भिंत उभी राहिली, ३३ दरवाजे बसले, प्रकल्प राष्ट्रीय म्हणून जाहीर झाला, खर्च हजारो कोटींवर गेला, आणि कालव्यांची कामं चालूच राहिली. काकाजी कामावर रुजू झाले तेव्हा प्रकल्प सुरू होता आणि निरोप समारंभात त्यांना शाल-श्रीफळ मिळालं तेव्हाही तो सुरूच होता. अशा माणसाला घाई म्हणजे काय ते माहीत नसतं. चिडणारा माणूस मांजरावर दगड मारतो आणि विसरून जातो. काकाजी चिडत नाहीत. ते सर्वेक्षण करतात.

त्यासाठी त्यांच्याकडे एमबी आहे. एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका. सरकारी कामात किती ब्रास खोदलं, किती घनमीटर भरलं, हे जिच्यात लिहिल्याशिवाय बिल निघत नाही ती. काकाजींची एमबी शंभर पानी वही आहे, पण रकाने तेच. त्यातली एक नोंद त्यांच्या परवानगीनं देतो: "वेळ पहाटे ५.४०. स्थळ फाटकापासून साडेचार मीटर आत, उजवी बाजू. स्वरूप ओले, झाकलेले नाही. संशयित: ठेकेदार. शेरा: पूर्वीप्रमाणेच."

ठेकेदार हा बोका आहे. डावा कान फाटका, मान माणसाच्या मनगटाहून जाड, चाल एकदम निवांत. काकाजींनी त्याला हे नाव का दिलं ते त्यांनाच विचारलं पाहिजे. मला त्यांनी एवढंच सांगितलं की, दुसऱ्याच्या रेतीवर कब्जा करायचा, हद्दीचे निशाण मारत फिरायचं आणि केलेलं काम झाकायची तसदी घ्यायची नाही, असा प्राणी त्यांनी नोकरीत आधी पाहिलेला होता. बोक्याकडून हे शास्त्राला धरूनच होतं. मांजर आपली विष्ठा पुरतं हे खरं, पण आपलीच हद्द आहे अशी खात्री असलेला दांडगा बोका ती पुष्कळदा उघडी ठेवतो; बाकीच्यांना वास लागावा म्हणून. शिवाय तो शेपटी उभी धरून, पार्श्वभाग थरथरवत उभ्या वस्तूवर पिचकारी मारतो. उभी वस्तू म्हणजे काकाजींची स्कूटर. बोक्याच्या मुतात फेलिनीन नावाचं एक द्रव्य असतं, त्यातून गंधकाची संयुगं सुटतात, आणि म्हणून तो वास पाण्यानं जात नाही. काकाजी पेन्शनच्या कामाला बँकेत गेले की रांग आपोआप पातळ होते, असं शेजारचे गुरुजी सांगतात. गुरुजींचं सगळंच खरं धरायचं नसतं.

या सगळ्याचं मूळ रेतीत होतं. काकाजींना वर दोन खोल्या काढायच्या होत्या. वैनगंगेची रेती नागपूरकर नावाजून नेतात. ती आपल्या दारात, पण मिळायला दमछाक. २०२३ साली सरकारनं ६०० रुपये ब्रासनं रेती देऊ असं जाहीर केलं तेव्हा काकाजींनी ती बातमी कापून वहीत चिकटवली होती. ती बातमी अजून वहीतच आहे. पावसाळ्यात, १० जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत, नदीतला उपसा बंद असतो आणि भाव चढतो, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? म्हणून त्यांनी मे महिन्यातच तीन ब्रास, म्हणजे तीनशे घनफूट, रेती अंगणात टाकून घेतली. मग गवंडी रोवणीला गावी गेला. रोवणी झाली तर गणपती आले. गणपती गेले तर धान कापणीला आलं. कापणी झाली तर मंडई. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार होते, नाटकं होतात, आणि त्या दिवसांत गवंडी मिळवणं म्हणजे जावई मिळवण्यापेक्षा अवघड. रेती पडून राहिली.

पावसाळाभर ती ओली होती तोवर काही झालं नाही. ऑक्टोबरच्या उन्हात वरचा थर सुकला आणि लेआउटातल्या समस्त मांजरांना बातमी लागली. घरमांजराचा पूर्वज पश्चिम आशियातलं आणि आफ्रिकेतलं रानमांजर, कोरड्या मुलखात वाढलेलं. मोकळी, कोरडी, पंजानं सहज उकरता येणारी जमीन दिसली की त्याच्या वंशजाला राहवत नाही. नदीनं धुऊन दिलेली अशी तीनशे घनफूट जमीन एकाच ठिकाणी मिळाल्यावर ती मांजरं दुसरीकडे कशाला जातील? त्यात आसपास सगळीकडे सिमेंटचे गट्टू बसलेले. पूर्वी अंगणाला शेणाचा सडा पडायचा, जमीन चोपून घट्ट व्हायची आणि सकाळी ओली असायची. मांजर तिच्यावर फक्त चालायचं. आता घट्ट जागा सगळी सिमेंटची आणि मोकळी माती उरली ती वांग्याच्या, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या वाफ्यात. काकाजींच्या वाडीतला सांबार तर तिसऱ्यांदा उकरून निघाला होता.

काकाजींची तक्रार खोटी नव्हती. त्यांच्या सुनेला तेव्हा दिवस होते आणि ती सकाळी वाफ्यात हात घालायची. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो आणि गर्भाला त्याचा धोका असतो. डॉक्टरीणबाईंनी तिला हातमोजे घालायला, भाजी नीट धुवायला सांगितलं. हेही सांगितलं की, विष्ठा पडल्या-पडल्या तिच्यापासून लागण होत नाही, त्याला एक ते पाच दिवस जावे लागतात, तेव्हा रोजच्या रोज उचलून टाकली तरी पुष्कळ काम होतं. हे ऐकून काकाजींनी रोजच्या रोज उचलण्याऐवजी रोजच्या रोज नोंद करायला सुरुवात केली. उचलायचं काम काकूंकडे राहिलं.

"गुरुजी, तुमचं मांजर माह्या रेतीत काहून येते?" असा पहिला अधिकृत प्रश्न त्यांनी वालकंपाउंडवरून शेजारी विचारला.

"माह्यं नाही जी ते. आमच्या इथं दूध पिते, एवढंच."

"अन् झोपते कुठं?"

"झोपते तं आमच्याच पलंगाखाली. पण आमी त्याले पाळलं नाही, साहेब."

भंडाऱ्यातच काय, सगळ्या महाराष्ट्रात मांजराची मालकी अशीच असते. दूध पाजणारा मालक नसतो, पिल्लं ज्याच्या तणसाच्या ढिगात होतात तो नसतो, आणि उंदीर मारून घेतले तो किराणेवाला तर मुळीच नसतो. ते घाण करतं तेवढ्यापुरतं मात्र ते शेजाऱ्याचं असतं.

मग उपाय सुरू झाले. प्रत्येक उपायाचं अंदाजपत्रक निघालं आणि ते काकूंकडे मान्यतेला गेलं. खर्च वाढला की 'सुप्रमा', म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. काकू शिकलेल्या सातवी. पण तीस वर्षं ओव्हरसियरच्या संसारात काढल्यानं त्या 'तूर्त नामंजूर' असं तोंडी सांगू शकतात.

पहिला उपाय भिवापूरच्या मिरचीचा. भिवापूर पवनीच्या पलीकडे, तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, आणि काकाजींनी भुकटी टाकली त्या संध्याकाळी वारा होता. पुढचं सांगत नाही.

दुसरा उपाय संत्र्याचा. मांजराला लिंबू-संत्र्याच्या सालीचा वास सोसत नाही, हे बरंचसं खरं आहे. नागपूर दीड तासावर, आंबिया बहाराचा हंगाम, चौकातला ज्यूसवाला साली फेकतोच. काकाजी दोन पोती साली घेऊन आले आणि रेतीच्या कडेनं आळं करून मांडल्या. मांजरं खरंच थबकली. एमबीत पहिल्यांदा 'निरंक' अशी नोंद पडली. तिसऱ्या दिवशी वासावर बकऱ्या आल्या. बकऱ्यांनी साली खाल्ल्या, सांबार खाल्ला, रेतीवर लेंड्या टाकल्या आणि त्यांच्यामागोमाग बकऱ्यांची मालकीण आली. तिचं म्हणणं असं की, साली खाऊन बकरीचं पोट बिघडलं, भरपाई कोण देणार? हे प्रकरण काकूंनी दोन वाट्या तांदळावर मिटवलं. काकाजींनी ते 'अनुषंगिक खर्च' या सदरात टाकलं.

फिनाइल आणि डांबरगोळ्या हा तिसरा बेत होता. तो पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वेळीच थांबवला. मांजराच्या यकृताला फिनॉलची जात पचवता येत नाही. त्यावरून चाललेलं मांजर पाय चाटतं आणि त्यातच मरू शकतं. डांबरगोळीही तशीच विषारी. लेआउटातली कायद्याचं शिकणारी एक मुलगी त्यात भर घालून गेली, की प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध १९६० पासूनचा कायदा आहे आणि विष घालून मारणं आता भारतीय न्याय संहितेच्या ३२५ कलमात बसतं. पण कायद्यापेक्षा काकाजींना दुसऱ्याच गोष्टीनं घाबरवलं. मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, हे आईनं लहानपणी सांगितलेलं. त्यांनी रीतसर अंदाजपत्रक काढलं. सोनं दहा ग्रॅमला लाखावर गेलेलं. काकूंनी कागद वाचून परत दिला. "तुमच्या पेन्शनीत शेपटीबी होत नाही," म्हणाल्या.

पुण्याच्या मुलानं एक यंत्र पाठवलं. मांजर समोरून गेलं की ते माणसाला ऐकू न येणारा बारीक आवाज काढतं. काकाजींना खरोखर ऐकू आला नाही. ठेकेदारानं पहिल्या दिवशी कान हलवले, दुसऱ्या दिवशी यंत्रावर पिचकारी मारली. पण दिवाळीला आलेली आठ वर्षांची नात कानावर हात ठेवून घरात पळाली आणि अंगणात यायला तयार होईना. बारीक आवाज लहान पोरांना ऐकू येतात, म्हाताऱ्यांना येत नाहीत. यंत्र बनवणाऱ्यानं 'माणूस' म्हणून काकाजींच्याच वयाचा धरला असावा. फुलझड्या त्या वर्षी गुरुजींच्या अंगणात उडाल्या.

मग आला वाघ. विलायतेत सिंहाच्या विष्ठेपासून केलेल्या गोळ्या बागेत टाकायला विकत मिळत, हे काकाजींनी मोबाइलवर पाहिलं होतं. मोठ्या मांजराचा वास आला की लहान मांजर पळतं, असा हिशेब. सिंह गुजरातेत, पण वाघ तर आपल्या घरचा! कोका अभयारण्य हाकेच्या अंतरावर, २०१३ सालीच ते जाहीर झालं, पलीकडे नागझिरा. काकाजी पिशवी घेऊन कोक्याच्या फाटकावर गेले आणि वनरक्षकाला त्यांनी मागणी लेखी दिली. वनरक्षक भला माणूस. त्यानं अर्ज दोनदा वाचला.

"काकाजी, अभयारण्यातून वाळकी काडी नेता येत नाही. अन् तुमाले हे पाहिजे?"

"जंगलात पडूनच राह्यते न बापा ते."

"पडून नाही राह्यत. आमी ते गोळा करून तपासणीले पाठवतो, कोणता वाघ हाय ते समजते. अन् समजा, दिलं. वाघ आपली हद्द तपासाले फिरते, काकाजी. तुमच्या कॉलनीत कोण नवीन आला म्हणून पाहाले आला, तं?"

काकाजींनी अर्ज परत घेतला. तरी ते मनातून हरले नाहीत. नागझिऱ्यात जन्मलेला जय नावाचा वाघ २०१३ मध्ये वैनगंगा ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्याला गेला, देशभर गाजला आणि २०१६ पासून दिसेनासा झाला. "जय असता तं गोष्ट वेगळी होती," असं काकाजी अजून म्हणतात. कशी वेगळी होती ते मी विचारलं नाही.

मधे ते एका कचेरीतही जाऊन आले. तिथल्या बाबूनं सांगितलं, कुत्र्याच्या तक्रारीचा नमुना आहे, मांजराचा नाही. काकाजींना याचा राग आला असेल, असं वाटेल. उलट, नमुना नसेल तर तक्रार घेता येत नाही हे तत्त्व त्यांना तंतोतंत पटलं. त्यांनी घरी येऊन नमुना तयार केला, सहा रकान्यांचा, आणि नेऊन दिला. तो मंजुरीसाठी वर गेला आहे.

शेवटी काम केलं ते काकूंनी. धान झोडताना खाली अंथरतात ती जुनी ताडपत्री माहेराहून मागवली, रेतीवर पसरली, कडेला विटा ठेवल्या. वाफ्यात सांबार पेरून वर कोंबडीची जाळी आडवी टाकली. रोप जाळीतून वर येतं, पंजा खाली जात नाही. वाफे सकाळ-संध्याकाळ ओले ठेवले. स्कूटर पोर्चमधून काढून घरात घेतली. आणि मागच्या कोपऱ्यात, गुरुजींच्या भिंतीला लागून, दोन घमेली कोरडी रेती मुद्दाम मोकळी सोडली. मांजराला जागा पाहिजेच असते. चांगली जागा बंद झाली आणि बरी जागा उघडी दिसली की ते बरी पत्करतं. आठवडाभरात सगळी मंडळी त्या कोपऱ्यात जायला लागली, ठेकेदारासह. काकू रोज सकाळी खुरपीनं उचलून खड्ड्यात टाकतात. पाच मिनिटांचं काम. या सगळ्याचा खर्च झाला जाळीचे काही रुपये. अंदाजपत्रक कोणी काढलं नाही आणि मान्यताही कोणी विचारली नाही.

आता वाचकांपैकी काहींना वाटलं असेल की, पुढे काकाजींनी एखादं पिल्लू पाळलं असणार आणि ते त्यांच्या मांडीवर झोपत असणार. तसं काही झालं नाही. काकाजींना मांजर आवडत नाही, आणि ते आवडलंच पाहिजे असा काही नियम नाही. त्यांना खरं दुःख वेगळंच झालं. एमबीची पानं रोज 'निरंक' जायला लागली. एक दिवस मी म्हटलं, "काकाजी, काम पूर्ण झाल्याचा दाखला लिहून टाका." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जसं काही गोसीखुर्द पूर्ण झाल्याचं सांगायला आलो होतो. म्हणाले, "असं कसं जी? मागचा कोपरा हाय न. शिल्लक कामं हायेत. पावसाळ्यात ताडपत्रीखाली पाणी गेलं तं? देखभाल-दुरुस्तीचं काय?" आणि वहीत शेरा टाकला: काम प्रगतिपथावर.

वरच्या दोन खोल्यांचं काम मंडईनंतर सुरू झालं. रेती अर्धी संपली. काकाजींना आता आजूबाजूच्या बांधकामांवरून बोलावणी येतात, काही न बोलावताही ते जातात. लेआउटाच्या दुसऱ्या टोकाला एकाची रेती उघडी पडली आहे आणि ठेकेदार तिकडे जाऊन पाहणी करून आला, अशी ताजी नोंद आहे. बाटल्या मात्र वालकंपाउंडवर तशाच आहेत. त्या काढायला वेगळी मान्यता लागेल.

तेव्हा तुमच्याकडे बांधकाम निघणार असेल, तर रेतीचा टिप्पर यायच्या आधी ताडपत्री आणून ठेवा आणि घमेलंभर रेती मागच्या कोपऱ्यात सोडा. एवढं केलंत तर काकाजींना कळवायची गरज नाही. आणि कळवलंतच, तर चहाला साखर कमी टाका. एमबी सोबत आणतात, बसतात बराच वेळ.